ॲनिलीन हाताळताना पातळ नायट्राइलचे हातमोजे पुरेसे आहेत का?

प्रयोगशाळा_दादर

नमस्कार. मुंबईतील एका महाविद्यालयाची रसायनशास्त्राची पदवी प्रयोगशाळा मी सांभाळते. तृतीय वर्षाच्या प्रात्यक्षिकांत ॲनिलीन या तेलकट, विषारी द्रवापासून ॲसिटॅनिलाइड करून घेतात आणि त्यानंतरच्या सत्रात ॲनिलीनचे डायझोटीकरण (नायट्रस आम्लाने डायझोनियम क्षार बनवणे) करून ॲझो रंग बनवतात. आमच्याकडे एकच फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढून टाकणारे कपाट) आहे, त्याचा ओढाही फारसा जोरदार नाही, आणि एप्रिलमध्ये प्रयोगशाळेत इतका उकाडा असतो की हातमोज्यांच्या आत हात घामाने निथळत असतात.

अलीकडे एका विद्यार्थ्याच्या एप्रनच्या बाहीवर ॲनिलीन सांडले आणि ते आत मनगटापर्यंत झिरपले. आग होत नाही, काहीच जाणवत नाही, असे तो म्हणत होता. तरीही मी लगेच एप्रन काढायला लावून हात साबणाने नीट धुऊन घेतले आणि त्याला संध्याकाळपर्यंत विभागातच बसवून ठेवले. त्याला पुढे काही त्रास झाला नाही. पण त्यातून पडलेले प्रश्न विचारते. आम्ही वापरतो ते पेटीतले पातळ नायट्राइलचे हातमोजे यासाठी योग्य आहेत का? अंगावर सांडल्यास किती वेळ लक्ष ठेवावे? आणि कपाटातील जुनी बाटली गडद तपकिरी झाली आहे, ती वापरावी की काढून टाकावी?

सुरक्षा_ठाणेबेलापूर

मॅडम, डाय इंटरमीजिएटच्या (रंगांसाठी लागणाऱ्या मधल्या टप्प्यांवरच्या रसायनांच्या) कारखान्यांत सुरक्षेचे काम करताना माझा ॲनिलीनशी रोजचा संबंध आला, म्हणून आधी हातमोज्यांविषयी लिहितो. एकदा वापरून टाकायचे पातळ नायट्राइलचे हातमोजे ॲनिलीनसाठी नाहीत. ते फाटत नाहीत, वरून शाबूत दिसतात, आणि घात नेमका तिथेच होतो, कारण ॲनिलीन त्या थरातून गुपचूप झिरपत असते आणि हात सुरक्षित आहे अशा समजुतीने माणूस काम करतच राहतो. ब्युटाइल रबरचे किंवा अनेक पदरी लॅमिनेटचे हातमोजे तासन्‌तास टिकतात. लॅमिनेटचे हातमोजे ढिले असल्यामुळे पकड नीट बसत नाही. म्हणून ते आत घालून वर घट्ट नायट्राइलचे घालण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पातळ नायट्राइल नुसतेच वापरावे लागले, तर थेंब पडताक्षणी ते काढून हात धुवावेत.

ॲनिलीनचा उत्कलनबिंदू 184 अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे खोलीच्या तापमानाला त्याची वाफ फार होत नाही आणि हूड चालू आहे म्हणजे झाले, असे अनेकांना वाटते. अमेरिकेतील एसीजीआयएच या संस्थेने हवेतील त्याची आठ तासांची मर्यादा 2 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दोन भाग) ठेवली आहे, परंतु त्या आकड्यापुढे त्वचेची स्वतंत्र सूचना आहे. हवा मोजून मर्यादेच्या आत आली, तरी कातडीवाटे शरीरात गेलेले त्या मोजमापात येत नाही, असा त्या सूचनेचा अर्थ. द्रव तर कातडीतून जातोच, वाफही जाते, आणि कातडी गरम व ओलसर असली की अधिक वेगाने जाते. मुंबईच्या उन्हाळ्यात ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. शक्य असेल तर हे प्रात्यक्षिक डिसेंबर-जानेवारीत घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

माझ्या मते सर्वांत मोठा फरक हातमोज्यांनी नव्हे, तर वाटपाच्या पद्धतीने पडेल. विद्यार्थ्यांना बाटलीपर्यंत जाऊच देऊ नये. शिक्षकांनी किंवा प्रशिक्षित परिचरांनी हूडमध्ये, कडा असलेल्या ट्रेवर, पिपेट बल्ब वापरून आधीच मोजलेले ॲनिलीन बुचाच्या छोट्या नळ्यांत भरून ठेवावे आणि प्रत्येकाला एक नळी द्यावी. मेजरिंग सिलिंडरच्या बाहेरून ओघळणारा थेंब, त्याच हाताने धरलेले पेन, मग कपाळावरचा घाम पुसणे, ही सारी साखळी तिथेच तुटते.

सांडलेले ॲनिलीन वाळूत किंवा व्हर्मिक्युलाइट या द्रव शोषणाऱ्या खनिजात टिपून झाकणाच्या डब्यात भरावे आणि मग जागा साबणाच्या पाण्याने पुसून ते पोतेरेही त्याच डब्यात टाकावे. ब्लीचिंग पावडर टाकू नये; त्याने ॲनिलीन नाहीसे होत नाही, जांभळ्या रंगाची आणखी नकोशी संयुगे तयार होतात. नायट्रिक आम्लाच्या कचऱ्यात तर ते चुकूनही जाऊ देऊ नये, कारण तीव्र नायट्रिक आम्लाशी गाठ पडताच ते पेट घेऊ शकते. चामड्याच्या चपलेवर किंवा पट्ट्यावर पडले, तर ती वस्तू फेकून द्यावी लागते. चामड्यात मुरलेले ॲनिलीन धुऊन निघत नाही आणि पुढे कित्येक दिवस कातडीला लागत राहते.

विषवैद्यक_परळ

आग झाली नाही म्हणजे इजा झाली नाही, हा समज ॲनिलीनच्या बाबतीत घातक आहे, म्हणून आपण त्या मुलाला थांबवून घेतले हे अगदी योग्य केले. ॲनिलीन रक्तावर सरळ हल्ला करत नाही. यकृतात त्याचे फेनिलहायड्रॉक्सिलअमीन होते आणि ते हिमोग्लोबिनमधील फेरस लोहाचे फेरिक लोह करते. असे झालेले मेथहिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही आणि उरलेल्या चांगल्या हिमोग्लोबिनलाही पेशींपाशी तो सहज सोडू देत नाही. या सगळ्याला वेळ लागतो. लक्षणे काही तासांनी दिसू शकतात, तोवर विद्यार्थी संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये उभा असतो आणि डोके दुखणे, गरगरणे, धाप लागणे यांचे खापर त्या गर्दीवर फोडून मोकळा होतो. म्हणून पुरेसे ॲनिलीन अंगाला लागलेल्या व्यक्तीला एकटे घरी पाठवू नये. किमान चार ते सहा तास नजरेसमोर ठेवावे, ओठ आणि नखे पाहत राहावे, आणि रात्री घरातील कोणीतरी लक्ष ठेवील अशी व्यवस्था करावी.

निरोगी माणसात मेथहिमोग्लोबिन एक टक्क्याच्या आसपास असते. ते साधारण पंधरा टक्क्यांच्या पुढे गेले की ओठ आणि नखे निळसर-करडी दिसू लागतात, आणि सत्तर टक्क्यांच्या पुढे जीव जाऊ शकतो. काढलेले रक्त चॉकलेटी दिसते आणि हवा लागूनही लाल होत नाही. निदानाची ही खूण खाटेजवळच दिसते.

उपचार मेथिलीन ब्लूचा आहे. शरीराच्या दर किलो वजनाला 1 ते 2 मिलिग्रॅम, शिरेतून, सुमारे पाच मिनिटांत सावकाश दिले जाते, आणि ते रुग्णालयातच द्यायचे असते. ज्यांच्यात जी-6-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांना हे औषध उपयोगी पडत नाही, उलट त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. आपल्याकडे ही कमतरता दुर्मीळ नाही आणि अशा व्यक्तीला मुळात ॲनिलीनचाच धोका जास्त असतो, म्हणून सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांना याविषयी खासगीत विचारून ठेवावे. नैराश्यावरील काही औषधांशीही मेथिलीन ब्लूची गंभीर आंतरक्रिया होते, ती माहिती डॉक्टरांना द्यावी.

कापडावरचे ॲनिलीन किती पुरेसे ठरते याचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालयातील लंगोटांवर मारलेल्या ॲनिलीनयुक्त शाईच्या शिक्क्यांमुळे तान्ही बाळे निळी पडल्याची नोंद झाली होती. म्हणून धुण्याआधी कपडे उतरवणे महत्त्वाचे. सांडलेला एप्रन घरच्या बादलीत जाऊ नये. धुताना कोमट पाणी आणि साबण घ्यावा, कडकडीत गरम पाणी घेऊ नये, आणि नखांच्या खाली व केसांत उरलेले विसरू नये.

सेंद्रिय_माटुंगा

तपकिरी बाटलीबद्दल लिहितो. हवा आणि उजेड लागून ॲनिलीनचे ऑक्सिडीकरण होते, त्याने रंग चढतो. विषारीपणात त्यामुळे घट होत नाही. जस्ताची भुकटी घालून कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करणे ही जुनी रीत आहे, पण आपण वर्णन केलेल्या हूडमध्ये ते करू नये, कारण खोलीच्या तापमानाला जी वाफ नसते ती आपण स्वतःच तापवून निर्माण करू. ॲसिटॅनिलाइडसाठी ॲनिलीन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, सक्रिय कोळशाने रंग काढून, गाळून घेता येते. पण बाटली फारच काळवंडली असेल तर ती कचऱ्यात द्यावी आणि पुढच्या वेळी 100 मिलिलिटरचीच मागवावी. स्वस्त पडते म्हणून मोठी बाटली घेण्याची सवय आपल्या महाविद्यालयांनी सोडायला हवी.

त्याहून मोठा प्रश्न असा की ॲझो रंगासाठी ॲनिलीनच कशाला हवे? सल्फॅनिलिक आम्लाचे डायझोटीकरण करून बीटा-नॅफ्थॉलशी जोडले की सुंदर नारिंगी रंग मिळतो आणि प्रात्यक्षिकातली संकल्पना तीच राहते. सल्फॅनिलिक आम्ल घनरूप आहे, त्याची वाफ होत नाही आणि कातडीतून ते सहज शिरत नाही. डायझोनियम क्षाराची काळजी मात्र दोन्हीकडे सारखीच घ्यावी लागते: तापमान 0 ते 5 अंशांच्या दरम्यान ठेवावे, क्षार गाळून सुकवू नये, कारण सुका क्षार स्फोटक असू शकतो, आणि द्रावण बूच लावून ठेवू नये, कारण त्यातून नायट्रोजन वायू सुटतो. ॲसिटॅनिलाइड विद्यापीठाच्या यादीत असेल तर एका विद्यार्थ्याला एक मिलिलिटर ॲनिलीन पुरते. तयार झालेल्या ॲसिटॅनिलाइडलाही निरुपद्रवी समजू नये. 1886 मध्ये ते तापावरचे औषध म्हणून बाजारात आले होते आणि रुग्ण निळे पडू लागल्याने पुढे मागे पडले.

कपाट उघडालच तर बीटा-नॅफ्थॉलच्या शेजारी बीटा-नॅफ्थिलअमीनची किंवा बेंझिडीनची जुनी बाटली नाही ना, हे जरूर पाहा. नावे जवळची आहेत, पण ही दोन्ही माणसात मूत्राशयाचा कर्करोग करणारी सिद्ध झालेली रसायने आहेत. 1895 मध्ये जर्मनीत लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत असे अर्बुद नोंदवले, तेव्हा दोष ॲनिलीनवर आला. पुढे तो मुख्यतः या दोघांकडे वळला. तरीही 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲनिलीनला ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा 2ए गटात ठेवले आहे, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

प्रयोगशाळा_दादर

सर्वांचे मनापासून आभार. नळ्यांत भरून देण्याची पद्धत आणि सल्फॅनिलिक आम्लाचा पर्याय विभागाच्या बैठकीत मांडते. आणखी दोन शंका आहेत. प्रथमोपचार पेटीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, तो अशा वेळी उपयोगी पडेल का? आणि जुनी बाटली नेमकी द्यायची कोणाला?

विषवैद्यक_परळ

ऑक्सिमीटरवर विसंबू नका. तो प्रकाशाच्या दोन तरंगलांबींवर चालतो आणि त्याला मेथहिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. प्रमाण खूप वाढले, तरी त्याचा आकडा 85 च्या आसपास अडकून राहतो, त्यामुळे बिघाड किती आहे ते कळत नाही. ओठ निळे आहेत आणि प्राणवायू देऊनही आकडा हलत नाही, असे दिसले तर 108 ला फोन करून ‘ॲनिलीन’ हे नाव स्पष्ट सांगावे आणि बाटलीचे सुरक्षा माहितीपत्रक सोबत पाठवावे. खरे मोजमाप को-ऑक्सिमीटर या रक्तातील मेथहिमोग्लोबिन वेगळे मोजणाऱ्या यंत्रावर होते. तो आणि मेथिलीन ब्लू आपल्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास मिळतात, याची चौकशी सत्र सुरू होण्याआधी करून फलकावर लिहून ठेवावे.

सुरक्षा_ठाणेबेलापूर

बाटलीबद्दल: बेसिनमध्ये ओतू नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. घातक कचऱ्याचे 2016 चे नियम लागू होतात. मुंबई परिसरासाठी तळोजा येथे सामायिक प्रक्रिया केंद्र आहे; महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि केंद्राचे सभासदत्व घेऊन तिथे पाठवता येते. तोवर मूळ लेबल शाबूत ठेवून, दुहेरी डब्यात, आम्ले आणि ऑक्सिडीकारक रसायनांपासून वेगळ्या कपाटात कुलूपबंद ठेवा.