उत्तर: फक्त ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा पुरेसा नाही

या चर्चेत आधी कुणीतरी म्हटलंय की एअर सस्पेन्शनवर (म्हणजे स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली गाडी) गाडी ३० मिमी उचलली की स्पीडब्रेकरची चिंता मिटली. अर्धंच पटलं. लांब सेडानमध्ये खरा प्रश्न व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचा असतो. २४५० मिमी व्हीलबेसच्या हॅचबॅकला १७० मिमी क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) असेल, तर पोटाखाली तेवढाच कोन, म्हणजे मधला भाग न घासता तेवढाच टोकदार उंचवटा ओलांडायची सोय, मिळवायला ३२०० मिमीच्या सेडानला साधारण २२० मिमी लागेल. म्हणूनच उंच, अरुंद उंचवट्यावर बंपर सहीसलामत जातो, पुढची चाकं उतरतात आणि मग दाराखालचा मधला भाग घासतो. अशा वेळी तिरकं घेतलं, म्हणजे एकेक चाक चढवलं, तर बराच फरक पडतो.

एअर सस्पेन्शनचा मोठा फायदा मात्र इथे कुणी मांडलाच नाही: सेल्फ-लेव्हलिंग. स्टीलच्या स्प्रिंगवर मागे तीन माणसं आणि डिकीत सामान आलं की गाडी बसते, कागदावरचा आकडा तिथेच संपतो. एअर सस्पेन्शनमध्ये उंचीचे सेन्सर ते ओळखतात, हवा वाढते, गाडी पुन्हा मूळ उंचीवर येते. माझ्या मते बटण दाबून मिळणाऱ्या उंचीपेक्षा हे जास्त मोलाचं आहे, कारण ते रोज, न सांगता होतं. बटणाची उंची अडथळ्याच्या आधीच मागावी लागते, गाडी वर यायला काही सेकंद जातात, आणि वेग वाढला की ती आपोआप खाली बसते. आणखी एक, जॅक लावण्याआधी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे लेव्हलिंग बंद करायला विसरू नका.