‘ट्रेसपास’ म्हणजे अतिक्रमण की आगळीक?

रात्रपाळी : एका वकिलांचा लेख मराठीत करतोय. २००० सालचा कॅलिफोर्नियातला खटला, ईबे विरुद्ध बिडर्स एज. ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट. बिडर्स एज निरनिराळ्या लिलावांचे भाव गोळा करून एकत्र दाखवायची, त्यासाठी तिचे बॉट, म्हणजे आपोआप साइट वाचत फिरणारे प्रोग्राम, ईबेवर दिवसाला सुमारे १,००,००० फेऱ्या मारायचे. कोर्टानं मनाई केली, आधार ‘ट्रेसपास टू चॅटल्स’. मी लिहिलं, ‘जंगम मालमत्तेवरील अतिक्रमण’. आत्यानं वाचलं आणि म्हणाली, “अतिक्रमण म्हणजे महापालिकेची गाडी येते ते. इथं हातगाडी कोणी लावली?” अडलोय.

बाळीवेस : आत्या बरोबर. त्यात आपल्या सोलापुरात जंगम म्हटलं की आधी मठातले स्वामी आठवतात. मला वाटलं, त्यांची जागा कुणी बळकावली का काय बे!

बांधावरून : आगळीक लिहा. आगळा म्हणजे जास्तीचा. आपली हद्द सोडून जास्तीचं वागणं ती आगळीक. माझ्या आजोबांच्या बोलण्यात रोज असायचा हा शब्द.

रात्रपाळी : आता तो फक्त ‘सीमेवर आगळीक’ एवढ्यापुरता उरलाय. वाचक तोफा शोधेल.

आठ_अ : गुरांपासून सुरू करा. चॅटल आणि कॅटल हे इंग्रजीत सख्खे भाऊ, मूळ एकच लॅटिन शब्द. आपल्याकडं १८७१ चा गुरांच्या ट्रेसपासचा कायदा आहे, कोंडवाडे त्यातलेच. मोहोळकडं आमच्या ज्वारीत गुरं शिरली की एकच आरोळी, “गुरं पडली!” तसं साइटवर बॉट पडले. झालं भाषांतर.

बाळीवेस : उलटं झालं की. इथं चॅटल म्हणजे ईबेचे सर्व्हर, म्हणजे गुरं ईबेची. तुमच्या दावणीची म्हैस कुणीतरी परस्पर पिळून गेलं, असं म्हणा.

बांधावरून : तेही घोटभरच. पण कोर्टाचं म्हणणं, एकाला सोडलं तर उद्या सगळे तांब्या घेऊन येतील.

आठ_अ : २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच सर्वोच्च न्यायालयानं इंटेल विरुद्ध हमीदी या खटल्यात ट्रेसपासचा हा आधार आवळला. यंत्रणेला इजा नाही, कामात अडथळा नाही, तर हा दावा चालत नाही. तिथं मुद्दा नकोशा ईमेलचा होता. म्हणजे म्हैस आटलेली दाखवा.

नवी_पेठ : भाव बघण्यात कसली आगळीक? मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव उघड्यावर होतो. वहीत भाव उतरवणाऱ्याला कुणी घुसखोर म्हणतं का? बॉट सरवा, म्हणजे काढणीनंतर रानात उरलेलं, वेचतात, एवढंच.

बांधावरून : वहीवाला एक असतो तोवर ठीक. लाख आले तर हमालानं पोतं कुठून न्यायचं? आणि सरवा रास घरी गेल्यावर वेचतात, चालू लिलावात नाही. शिवाय ‘बॉट’ कशाला? यंत्रदूत म्हणा.

नवी_पेठ : यंत्रदूत! यंत्रमाग ऐकून मोठे झालो आम्ही, दूत कुठल्या मागावर बसतो?

आठ_अ : भारतात ट्रेसपासपर्यंत जायची गरजच नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून डेटा उतरवून घेतला की भरपाईचा प्रश्न येतो.

रात्रपाळी : लेख उद्या सकाळी द्यायचाय. अतिक्रमण ठेवू का?

बाळीवेस : सरवा फक्त भुईमुगाचा असतो ना? ज्वारीचा कुणी ऐकलाय?

बांधावरून : ज्वारीचा पण असतो. आमची आजी कणसं वेचायची.

बाळीवेस : कुठल्या तालुक्यात?