विजयदुर्गाचं आरमार आणि 'काळा दिवस'

गिर्येकर (धागाकर्ता)
दोन दिवस एक पोस्ट फिरतेय: '१३ फेब्रुवारी काळा दिवस पाळा. पेशव्यांनी इंग्रज आणून मराठ्यांचं आरमार जाळून घेतलं. विषय संपला.' गावच्या तिन्ही ग्रुपवर आली. विषय संपलेला नाही, म्हणून लिहितोय.

विजयदुर्ग १७५६ ला पडला, पण आंग्र्यांचं घर त्याआधीच फुटलं होतं. मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे १७२९ ला गेले, चार वर्षांत त्यांचा मुलगा सेखोजीही गेला आणि त्याचे भाऊ मानाजी-संभाजी एकमेकांवर उठले. कुलाब्यासाठी मानाजीने पोर्तुगीजांची मदत घेतली. १७३५ ला बाजीरावाने वाटणी करून दिली. कुलाबा आणि वजारतमाब किताब मानाजीला, विजयदुर्ग-सुवर्णदुर्ग आणि सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, संभाजीला. संभाजीमागून आलेल्या त्याच्या भावाने, तुळाजीने, पेशव्याला जुमानलं नाही. बावड्याचे अमात्य, विशाळगडचे प्रतिनिधी यांच्या मुलखात धुमाकूळ घातला. हे पोस्टमध्ये का नाही?

ही यादवी होती. त्या संभाजीची समाधी आमच्या रामेश्वराच्या देवळाशी आहे, जाता-येता नजरेस पडते. इथे बाजू वाटून काळे दिवस पाळायला लागलो तर उद्या पालखीतही दोन तट पडतील. मला ते नको आहे.

दर्यावर्दी
यादवी म्हटलं की सगळ्यांचे अपराध सारखे होतात का? मार्च १७५५ ला मुंबईकर इंग्रजांशी तुळाजीविरुद्ध तह नानासाहेब पेशव्याने केला. एप्रिलात इंग्रजांच्या जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर. हाच क्लाइव्ह सव्वा वर्षाने प्लासीला होता.

यादवीच म्हणता, तर शाहू-ताराबाईंची आठवा. कान्होजी ताराबाईंकडे होते, त्यांनी शाहूंचा पेशवा बहिरोपंत पिंगळे कैद केला होता. तेव्हा बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेला आणि कान्होजींना शाहूंकडे घेऊन आला. तोफ लागली नाही. त्याच्याच नातवाने इंग्रजांची तोफ आणली. हा फरक मी विसरणार नाही.

बखरवाला
बोलणी १७५६ लाही चालू होती. तुळाजी स्वतः पेशव्यांच्या छावणीत आला होता. किल्ला परस्पर मराठ्यांच्या हाती जाईल या भीतीने इंग्रजांनी घाई केली. आंग्र्यांची जहाजं एकमेकांना बांधून उभी होती, एकावर गोळा पडला आणि आग पसरत गेली. 'जाळून घेतलं' हा शब्द चुकीचा आहे. वर किल्ल्यातली सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली आणि बाणकोट पदरात पडल्यावरच विजयदुर्ग सोडला. आणि आरमार संपलं म्हणता, तर १७८३ ला पेशव्यांच्या आरमाराच्या आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं रेंजर जहाज कशाने पकडलं?

दर्यावर्दी
चोराला तुम्हीच घरात घेतलंत, त्याने तिजोरी फोडली, तर दोष चोराचा एकट्याचा? धुळपांचं मान्य. पण मुंबईच्या इंग्रजांना आंग्र्यांची जी धास्ती होती ती पुन्हा बसली नाही.

देवगडची लेक
तुम्ही भांडा, पण गडावर काय चालतं ते ऐका. मी शाळेत शिकवते. गेल्या वर्षी सहल नेली. गाइडने गडावरच्या साहेबाच्या ओट्यांपाशी अर्धा तास घालवला, इथून लॉकियर साहेबाने दुर्बीण लावून हेलियम शोधला म्हणून. तुळाजीवर एक वाक्य नाही. एका मुलाने विचारलं, 'जहाजं कुठे जळली?' गाइड म्हणाला, 'ते नंतर.' ते नंतर आलंच नाही.

तारांगण
हेलियमचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. १८ ऑगस्ट १८६८ चं सूर्यग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून पाहिलं. लॉकियरने ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा पाहिली. तो ग्रहणासाठी भारतात आला १८७१ ला, तोही केरळात बेकलला. विजयदुर्गाला आला तो थेट १८९८ च्या ग्रहणाला. दहा वर्षं हे सांगतोय, कोणी ऐकत नाही.

बंदरावरचो
तारांगण, तुमका काय त्रास होता? १८ ऑगस्टाक आमी हेलियम दिन करतो, म्हणान चार माणसां गडार येतत, चार प्लेटी भजी खपतत. ता पण काढून घेतलास तर आमी खावचा काय?

तारांगण
भजी विका, पण मुलांना खोटं सांगून नको.

बंदरावरचो
खोटा म्हणतलास तर समोर येवन म्हण.

गिर्येकर
दोघेही थांबा. मला वाईट याचंच वाटतं की जो शोध इथे लागलाच नाही त्याला दिवस आहे, आणि ज्या खाडीत आपली माणसं आपल्याच लोकांच्या लढाईत मेली तिथे एक फलक नाही. जुलै २०२५ ला विजयदुर्ग जागतिक वारसा झाला. आता फलक लागतील. त्यांवर काय लिहायचं हे आपणच आताच ठरवायला हवं.

दर्यावर्दी
लिहा. पण 'इंग्रजांनी जिंकला' एवढ्यावर थांबू नका. तहाचं साल आणि नानासाहेबाचं नाव हवं.

बखरवाला
चालेल, तहाचं लिहा. मीही तो तह शहाणपणाचा म्हणत नाही. पण मग अमात्यांच्या मुलखातली लूटही त्याच फलकावर, त्याच अक्षरात.

दर्यावर्दी
लूट लिहायला माझी हरकत नाही. 'बंडखोर' लिहिलंत तर आहे.

बंदरावरचो
माझो आजो सांगी, त्या रातीक खाडी तांबडीलाल झाल्ली. त्याका त्याच्या आज्यान सांगितल्यान. बापाशीच्या जाळ्यात एकदा सागाचो जळको सोट गावलो, हातभर जाड, एका अंगान कोळसो, दुसऱ्या अंगाक खिळ्याचा भोक. आंग्र्यांच्या गलबताचोच तो.

बखरवाला
कशावरून? खाडीत शंभर पडाव बुडाले असतील.

बंदरावरचो
तू पाण्यात उतारलस कदी? माझो बापूस चाळीस वर्सां उतारलो.

देवगडची लेक
दादा, तो सोट आहे कुठे?

बंदरावरचो
गोठ्याच्या दाराक उंबरो केलो हा. गोरवां रोज त्येच्यावरना ये-जा करतत.

दर्यावर्दी
त्याला हात लावू नका. भोक चौकोनी आहे की गोल, तेवढं बघून सांगा. मी रविवारी येतोय.