२०७२ चं नागपूर: जादूचं विद्यापीठ आणि धर्म वेगळे ठेवायचे का?

फासेबहाद्दर:
आमचा गट नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी खेळाची सलग कथा, सुरू करतोय. नियम शॅडोरनचे, शहर आपलं. ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शॅडोरन हा १९८९ साली आलेला रोलप्लेइंग गेम, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायचा. भविष्यातलं जग, कंपन्यांची सत्ता, शरीरात बसवलेली यंत्रं, आणि या सगळ्यात जादू परतलेली, एल्फ आणि ड्रॅगनसकट. मूळ कथानक सिएटलचं. आम्ही ते २०७२ च्या नागपुरात आणतोय.

वाद एकाच मुद्द्यावर अडलाय. गटातल्या बहुतेकांचं म्हणणं, जादूचं शास्त्र विद्यापीठाकडे द्या, श्रद्धा देवळाकडे, आणि दोघांना एकमेकांचे शत्रू करा. गेममध्ये याची तयार सोय आहे. हर्मेटिक जादूगार पुस्तकं, सूत्रं आणि ग्रंथालयाच्या बळावर जादू करतो. शामन म्हणजे आत्म्यांशी नातं जोडणारा जादूगार, त्याला त्याचा टोटेम, म्हणजे मार्गदर्शक आत्मा, बोलावतो. हर्मेटिकांसाठी तर अमेरिकेतल्या एमआयटीलाच जादूविद्येचा विभाग जोडून नवी संस्था उभी केलेली आहे.

माझं ठाम मत आहे की ही वाटणी नागपुरात टिकत नाही. आपलं विद्यापीठ १९२३ चं, आणि २००५ पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. हिस्लॉप कॉलेज १८८३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी काढलं. ज्याचं नाव त्याला दिलं तो स्टीफन हिस्लॉप धर्मप्रचारक होता आणि त्याच वेळी या भागातले खडक नि जीवाश्म अभ्यासणारा भूशास्त्रज्ञही. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना तो ओढ्याच्या पुरात बुडाला. सांगा, हा माणूस कुठल्या खान्यात टाकायचा? दीक्षाभूमीवर स्तूप आणि महाविद्यालय एकाच आवारात आहेत.

मागे गेलो तरी तेच. नालंदा हा महाविहार, म्हणजे बौद्ध भिक्षूंचा मोठा मठ, आणि तिथेच हेतुविद्या (तर्क आणि वादाचं शास्त्र), शब्दविद्या (व्याकरण), चिकित्साविद्या शिकवत. दारातच परीक्षा व्हायची आणि बहुतेकांना तिथूनच परत जावं लागे, असं चिनी प्रवासी ह्युएनत्संगने सातव्या शतकात लिहून ठेवलंय. विक्रमशिलेत त्या कामाला द्वारपंडित नेमलेले होते. कॅम्पेनची सुरुवात म्हणून मला याहून भारी काही सुचत नाही: अमरावती रोडचा कॅम्पस, प्रत्येक दारावर एक द्वारपंडित, आणि आत जायचं तर वाद जिंका.

मेडिकल_चौक:
इतिहास मान्य. गेम म्हणून विरोध.

जुन्या आवृत्त्यांमध्ये हर्मेटिकाला भूतत्त्व, म्हणजे अग्नी-पाणी अशा तत्त्वाचा आत्मा, बोलवायला साहित्य लागायचं आणि कित्येक तास खर्ची पडायचे, पण एकदा आलं की ते टिकायचं. शामन जागेवर उभ्या-उभ्या निसर्गात्मा बोलवायचा. मात्र तो त्याच्या हद्दीबाहेर यायचा नाही आणि सूर्योदय-सूर्यास्ताला निघून जायचा. त्यामुळे दोघांच्या मोहिमा वेगळ्या पद्धतीने आखाव्या लागत. एक रात्रभर तयारी करायचा, दुसरा घड्याळाकडे बघत लढायचा. २००५ च्या चौथ्या आवृत्तीत आत्मे बोलवायचा नियम सगळ्यांना एकच झाला. जादूचा थकवा झेलायला हर्मेटिकाला तर्कशक्ती लागते आणि शामनला व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव, एवढाच मोठा फरक राहिला. तेव्हापासून आमच्या टेबलवर लोक परंपरा निवडतच नाहीत, आकडा निवडतात.

तुम्ही आता जगाचंही तेच करताय. विद्यापीठ आणि धर्म एकत्र कालवले की खेळाडूला निवडायला उरतं काय?

इंदोरा_वाचनालय:
माझा आक्षेप वेगळा आहे. फासेबहाद्दर, तुम्ही गटात टाकलेला नकाशा मी पाहिला. त्यात दीक्षाभूमी हा शहरातला सर्वात मोठा जादूस्रोत दाखवलाय. ते काढा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात देवाने अवतार घेतला यावर विश्वास नाही, असं स्पष्ट म्हटलंय. लाखो माणसांनी तिथे अलौकिकाचा आधार सोडला, आणि तुम्ही त्याच जागी अलौकिकाची विहीर खोदता! दसऱ्याला तिथे येऊन पाहा. पुस्तकांच्या स्टॉलवर उभं राहायला जागा नसते. परगावहून आलेली बाया-माणसं पिशवीत पुस्तकं भरून परत जातात. माझ्या दृष्टीने विद्यापीठ ते आहे.

आणि मोठा मुद्दा तुमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटलाय. या गेममध्ये जादू जन्मतः असते. शंभरात जेमतेम एकाला. ज्याला नाही त्याने आयुष्यभर घोकलं तरी मंत्र चालत नाही. म्हणजे तुमच्या २०७२ च्या विद्यापीठात प्रवेश जन्मावर ठरणार. त्या प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसं समान असल्याचीही प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्यांची नातवंडं-पतवंडं त्या दारासमोर उभी राहून काय म्हणतील, हे जो गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, विचारणार नाही त्याने नागपूर निवडू नये.

तर्री_जास्त:
भाऊ, एवढं कायले ताणून राहिले? खरे धर्म टेबलवर आणूच नका, हे माझं प्रामाणिक मत आहे. माझी आजी दर गुरुवारी ताजबागला जायची. आमचं घर हिंदू, तरी जायची. ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर कोणी फासे टाकून राहिलं तर मी तिथून उठून जाईन, आणि रागही कोणावर काढणार नाही. काही गोष्टींची किंमत आकड्यात लिहायची नसते. नवे धर्म तयार करा, नवी देवळं बांधा. कल्पनेचाच गेम आहे ना?

पाटणसावंगी:
एक वेगळी बाजू. जिथे आत्मे खरंच हजर होतात, तिथे धर्म विद्यापीठात विरघळून जाईल असं मला वाटतं. श्रद्धेची गरजच संपते. प्रयोगशाळेत बोलवा, मोजा, शोधनिबंध लिहा. मग पुजारी आणि प्राध्यापक यांच्यात फरक फक्त पगाराचा.

फासेबहाद्दर:
पाटणसावंगी, गेमने हा प्रश्न मुद्दाम उघडा ठेवलाय, आणि मला तो फार आवडतो. आत्मा आला हे दिसतं. तो कोण आहे हे दिसत नाही. हर्मेटिक म्हणतो, ही माझ्या सूत्राने आकाराला आलेली शक्ती. शामन म्हणतो, हा माझ्या आधीपासून इथे राहतो. दोघांचा प्रयोग यशस्वी, निष्कर्ष उलटे. मोजमापाने हा वाद मिटत नाही, उलट इथेच विभाग फुटतात, अनुदानावरून भांडणं लागतात. हेतुविद्येची खरी गरज तेव्हाच पडते.

इंदोरा ताई, दीक्षाभूमीवरचा जादूस्रोत काढला. नकाशावर तिथे जादूची पातळी आता शहरात इतरत्र आहे तेवढीच. तुमच्या मुद्द्याने पूर्ण कॅम्पेनचा कणा बदलतोय. जन्मतः जादू नसलेल्यांना जादूचं शास्त्र शिकवणारं महाविद्यालय शहरात असेल, आणि त्याची पदवी मोठं विद्यापीठ मान्य करत नाही, हाच मुख्य संघर्ष.

तर्री भाऊ, आजींची गोष्ट मनापासून समजली. ताजबागला फासे नाहीत, हा नियम आजपासून लेखी. पण कल्पित धर्मांना माझा विरोध कायम. कल्पित देवळाच्या दारातून कोणाला कधी हाकललं गेलेलं नसतं, त्यामुळे तिथे प्रवेश मिळाल्याचं मोलही खेळाडूला कळत नाही.

मेडिकल_चौक:
जन्मतः जादू नसलेला विद्यार्थी कागदावर छान दिसतो. टेबलवर तो करणार काय? जादूशास्त्राचं ज्ञान जादू नसलेल्यालाही घेता येतं हे खरं, पण चार तासांच्या सेशनमध्ये तो बसून माहिती सांगणार आणि बाकीचे आगी लावणार. अशा खेळाडूला मी कंटाळून फोन बघताना पाहिलंय.

इंदोरा_वाचनालय:
म्हणून तर द्वारपंडित. वादाला लढाईइतकेच फासे आणि तेवढाच वेळ द्या. आत्मा कोण आहे याचं उत्तर ज्याच्याकडे, त्याच्या बाजूने तो आत्मा झुकेल, बोलवणारा कोणीही असो. मग जादू नसलेली माझी कॅरेक्टर समोरच्या हर्मेटिकाचं भूतत्त्व त्याच्याविरुद्ध फिरवू शकते, फक्त युक्तिवादावर.

मेडिकल_चौक:
हे रूलबुकमध्ये कुठेही नाही, आणि हर्मेटिक घेणाऱ्यावर अन्याय आहे. त्याने साहित्यासाठी पैसे मोजले, तास घालवले, आणि कोणीतरी बोलून त्याचा आत्मा पळवणार?

इंदोरा_वाचनालय:
त्याने आधी वाद जिंकावा.

तर्री_जास्त:
खरे धर्म नकोत, हे माझं मत बदललं नाही. पण हा वादाचा नियम टेबलवर येणार असेल तर रविवारी माझी खुर्ची ठेवा. मी हर्मेटिक घेऊन येतो, ताईंच्या विरोधात.