मदत हवी आहे: माती परीक्षणात पोटॅश 'अति जास्त', देठ परीक्षणात 'कमी', आता कुणाचं खरं धरू?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

आमची दिंडोरी तालुक्यात अडीच एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे, डॉगरीज खुंटावर (ज्या मुळावर कलम बांधतात तो खुंट), नऊ वर्षांची. आजवर सगळं आण्णाच बघायचे, पण मार्चमध्ये त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खरड छाटणीपासून सगळी बाग माझ्याकडे आलीय. मी नाशिकरोडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, शनिवारी ड्युटी संपली की गावी जाते, मधल्या दिवसांत आमचे सालगडी काका बघतात आणि पानांचे फोटो पाठवतात.

झालंय असं की मार्चमध्ये माती परीक्षण केलं त्यात पालाश (म्हणजेच पोटॅश) हेक्टरी ४१० किलो आला, पुढे शेरा 'अति जास्त'. सामू (pH) ८.३, चुनखडी १२ टक्के. आण्णा तर आधीपासून म्हणतातच की आपल्या काळ्या जमिनीला पोटॅश घालायची गरज नाही, दुकानदारानेही रिपोर्ट बघून तेच सांगितलं, मग आम्ही पोटॅशला हातच लावला नाही. १० एप्रिलला छाटणी झाली, ४५ दिवसांनी पाचव्या पानाचे देठ काढून तपासायला दिले तर त्यात पोटॅश कमी आणि सोडियम जास्त! आता जुलै चालू आहे, काडी (वेलीची नवी फांदी) पिकायची वेळ, आणि खालच्या जुन्या पानांच्या कडा करपायला लागल्यात, शेंड्याकडची पानं मात्र हिरवीगार आहेत.

माझं रोजचं कामच रिपोर्ट काढायचं, त्यामुळे एकाच पेशंटचे दोन रिपोर्ट असे उलटे आले की मला झोप लागत नाही. आमच्याकडे रक्तातलं पोटॅशियम अचानक वाढलेलं दिसलं तर आम्ही आधी सॅम्पल बघतो, रक्ताच्या पेशी फुटल्या असतील तर आकडा खोटाच वर जातो. इथे नेमकं काय बघायचं ते मला कळत नाहीये.

दुसरी गोष्ट गोणीची. मागच्या वर्षी आण्णांना एका दुकानातून (नाव लिहीत नाही) 'पोटॅश' म्हणून गोण्या दिल्या, स्वस्त मिळाल्या म्हणून ते खूश होते. यंदा रिकाम्या गोण्या आवरताना मी बारीक अक्षरं वाचली तर त्यावर १४.५ टक्के. ते मळीपासून केलेलं पोटॅश होतं, म्हणजे साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतलं सांडपाणी जाळून उरलेली राख. माल बनावट नव्हता, सरकारमान्य खत आहे ते, पण ५० किलोच्या गोणीत सव्वासात किलो पालाश आणि आण्णा समजत होते तीस किलो, कारण त्यांना लाल पोटॅशच्या ६० टक्क्यांची सवय. सांगायला हवं होतं हो, माणूस वीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे.

आता दुकानात लाल पोटॅशची, म्हणजे एमओपीची, गोणी सतराशेच्या घरात सांगतात आणि पांढरं एसओपी, म्हणजे ०:०:५०, किलोमागे दुपटीपेक्षा महाग. दोन्ही पोटॅशच ना, मग एवढा फरक कशाचा? आणि हे येतं कुठून, दर दोन वर्षांनी भाव का उडतात, आपल्या देशात निघत नाही का? चुलीची राख टाकली तर चालेल का असं शेजारच्या काकू विचारत होत्या, तेही सांगा. जाणकारांनी प्लीज लिहा.

बोदावरचा (ओझर)

ताई, पहिला प्रश्न, मातीचा नमुना कुठून काढला? दोन ओळींच्या मधून की बोदावरून, म्हणजे वेलीच्या ओळीच्या उंच वरंब्यावरून?

धागाकर्ती

काकांना विचारलं. दुकानाचा मुलगा आला होता, त्याने दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यातून काढला, ट्रॅक्टर जातो तिथून. का?

बोदावरचा (ओझर)

मग तिथंच घोळ आहे. वेलीची पांढरी मुळी बोदात, ड्रीपरखाली जेवढी माती ओली राहते तेवढ्यात. नऊ वर्षं वेल तिथलंच खातेय. मधल्या पट्ट्यात मुळी जात नाही, तिथलं पोटॅश जसंच्या तसं पडून, आणि तुम्ही तेच मोजलं.

वरून आपली काळी माती. पोटॅश मातीत सगळं एकाच जागी नसतं, बरंचसं खनिजात अडकलेलं, काही चिकणमातीच्या थरांत दाबलेलं, थोडं कणांना चिकटलेलं आणि अगदी जरासं पाण्यात विरघळलेलं. मुळी पिते ते फक्त पाण्यातलं. रिपोर्टात येतो तो कणांना चिकटलेला आणि पाण्यातला मिळून. आता १२ टक्के चुनखडी म्हणजे कॅल्शियम मायंदाळ, बोअरच्या पाण्यात सोडियम असलं तर तेही, सगळे एकाच दारात गर्दी करणार आणि पोटॅश मागे राहणार. त्यामुळे आण्णा चुकीचे नाहीत, जमिनीत पोटॅश आहेच, वेलीच्या तोंडापर्यंत पोचत नाही एवढंच. अशा वेळी देठाचा रिपोर्ट खरा धरायचा, कारण तो वेलीने प्रत्यक्ष काय उचललं ते सांगतो.

जुन्या पानाच्या कडा करपणं हे पोटॅशचंच लक्षण. पोटॅश कमी पडलं की वेल जुन्या पानातलं काढून शेंड्याला देते. पण सोडियम-क्लोराइडनेही कडा जळतात, म्हणून पाणी तपासाच. आणि परत नमुना काढताना बोदावरून, ड्रीपरपासून वीतभर लांब, फूटभर खोलीपर्यंत, बागेत दहा-बारा ठिकाणचा एकत्र करून.

धागाकर्ती

वाचून अंगावर काटा आला, कारण अगदी हेच आमच्याकडे होतं. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं आणि आम्ही मोजतो ते बाहेर रक्तद्रवात असलेलं. आणि सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतलं तर रिपोर्ट सलाईनचा येतो, पेशंटचा नाही, हे मी दर वर्षी नवीन मुलांना शिकवते. शेतात मात्र मला हे सुचलं नाही.

काल आणखी एक हिशोब केला. १०० ग्रॅम द्राक्षात साधारण १९० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे टनामागे जवळपास दोन किलो. आमचा एकरी दहा टन माल गेला तरी वीस किलो पोटॅशियम एकरातून क्रेटमध्ये भरून बाहेर गेलं, खताच्या भाषेत पालाश (पोटॅशियम ऑक्साइड, K2O) म्हणून मोजलं तर चोवीस किलो, काडी-पाला वेगळाच. नऊ वर्षं.

सिन्नरकर

खाणीबद्दल मी लिहितो. मी कॅनडात सस्कॅचवान प्रांतात पोटॅशच्या खाणीवर मेंटेनन्सला सहा वर्षं होतो, आता सिन्नरला परत आलोय.

हे खत कारखान्यात जन्माला येत नाही, ते समुद्राचं मीठच आहे. साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, तो आटत गेला. पाणी आटताना आधी चुनखडी बसते, मग जिप्सम, मग आपलं खायचं मीठ आणि अगदी शेवटच्या घोटात पोटॅश. तो शेवटचा घोट आटेपर्यंत समुद्र कोंडलेला राहायला हवा, म्हणून जगात मीठ सगळीकडे आणि पोटॅश मोजक्या ठिकाणी. सस्कॅचवानमध्ये ते १९४३ मध्ये तेल शोधताना सापडलं, पण नीट उत्पादन सुरू व्हायला १९६२ उजाडलं. कारण वाटेत ब्लेअरमोर नावाचा वाळूचा थर आहे, त्यात प्रचंड दाबाचं पाणी. खाणीत उतरायची उभी विहीर खणायला गेलं की पाणी आत. शेवटी जमीन गोठवली, भोवती भोकं पाडून त्यात उणे तापमानाचं खारं पाणी फिरवलं आणि बर्फ झालेल्या वाळूतून विहीर खाली नेली.

लिफ्टने साधारण एक किलोमीटर खाली जायचं. वर उणे तीस आणि खाली घाम, हवा एकदम कोरडी, भिंती गुलाबी-लाल. तो लाल रंग म्हणजे लोहाचा गंज, आपल्या एमओपीला येतो तो तोच, रंगाने ताकद कमी-जास्त होत नाही. मोठी फिरत्या दातांची मशीन भिंत खरवडत पुढे जाते, मागून पट्ट्यावरून माल. खोल्या कोरायच्या आणि मधे खांब सोडायचे. मीठ दाबाखाली हळूहळू सरकतं, महिन्यांनी गेलं तर खोली आखडलेली दिसते. आम्हाला सगळ्यात जास्त भीती पाण्याची, कारण खांबच मिठाचे. रशियात बेरेझ्निकीला २००६ मध्ये खाण बुडाली आणि पुढच्या वर्षी गावाजवळ जमीन खचून भला मोठा खड्डा पडला. आमच्या प्रांतातल्या सस्कॅटून शहराजवळची एक खाण १९८७ मध्ये अशीच बुडाली, पण त्यांनी सोडून दिली नाही, आतलं खारं पाणीच वर उपसून त्यातून पोटॅश काढायला लागले. तिथल्याच बेल प्लेनला तर १९६४ पासून मुद्दाम तसंच करतात, सुमारे १६०० मीटर खोल गरम पाणी सोडायचं, विरघळलेलं वर आणायचं.

खाणीवरच्या दगडात पोटॅश आणि साधं मीठ मिसळलेलं असतं. ते दळून मिठाच्या संपृक्त पाण्यातच घालतात म्हणजे आणखी विरघळत नाही, मग एक रसायन टाकतात जे फक्त पोटॅशच्या कणांना चिकटतं, खालून हवा सोडली की ते कण बुडबुड्यांना धरून फेसासारखे वर येतात आणि मीठ खाली राहतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास तिथून हललो नाही. मग वाळवून रेल्वेने दीड हजार किलोमीटरहून लांब व्हँकूवर बंदर, तिथून जहाज.

मृत समुद्राला, इस्रायल आणि जॉर्डनमध्ये, खाण नाही, आपल्या मिठागरासारखी उन्हात पाणी आटवायची कुंडं आहेत. भारतात राजस्थानात गंगानगर-हनुमानगड-नागौर पट्ट्यात खोलवर साठे आहेत पण व्यापारी खाण अजून एकही नाही, म्हणून एमओपी जवळपास सगळं बाहेरून. कॅनडा एकटा जगाच्या साधारण एक तृतीयांश काढतो, मग रशिया आणि बेलारूस. २०२२ च्या फेब्रुवारीत लिथुआनियाने बेलारूसचा माल आपल्या बंदरातून नेणं बंद केलं, त्याच महिन्यात युक्रेनचं युद्ध लागलं, आणि त्याच सुमारास, वर्षभर आधी हजाराच्या आसपास असलेली गोणी आपल्याकडे सतराशेला गेली.

लासलगाव खतवाला

माझं स्वतःचं दुकान आहे म्हणून मागच्या गोणीचं वाचून वाईट वाटलं. ताई, पावतीवर टक्केवारी लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे.

एमओपी म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, एसओपी म्हणजे सल्फेट. बरंचसं एसओपी हे एमओपीलाच गंधकाच्या आम्लाबरोबर भट्टीत तापवून करतात, म्हणजे आधी एमओपीचे पैसे, वर आम्ल आणि इंधन, म्हणून महाग. उसाला एमओपी बिनधास्त चालतं. द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही, त्यात तुमचं सोडियम आधीच वाढलेलं, स्वस्त म्हणून लाल गोणी बागेत नेऊ नका. ०:०:५० ड्रीपमधून थोडं थोडं विभागून सोडा, मात्रा देठाच्या रिपोर्टवरून द्राक्षाच्या तज्ज्ञाकडून ठरवून घ्या, पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले मराठीतही निघतात. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, एसओपी आणि कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत कधीच कालवायचं नाही, जिप्सम तयार होऊन ड्रीपर बुजतात, मग लॅटरल (ड्रीपच्या नळ्या) बदलायची वेळ येते.

राखेचं म्हणाल तर पोटॅशचं नावच राखेवरून पडलंय, लाकडाची राख पाण्यात कालवून ते पाणी भांड्यात आटवायचे. पण राख अल्कधर्मी, तुमचा सामू आधीच ८.३. काकूंना म्हणावं बागेत नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय कारण रिपोर्टची वाट बघत होते. या वेळी खड्डे मी स्वतः घेतले, बोदावरून, बारा ठिकाणी. पालाश आला १९०. मधल्या पट्ट्यात ४१०, चार फुटांवर १९०! आण्णांना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले, बराच वेळ बघत बसले आणि मग म्हणाले उद्याच ०:०:५० आणा. बोअरच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड दोन्ही जास्त निघालं, त्यामुळे लाल गोणीचा विषय संपला. पाऊस चांगला चालू आहे तोवर बोअर बंद ठेवलाय आणि शेततळ्याचं पाणी वापरतोय. पहिला हप्ता परवा सोडला.

आता एकच विचारायचंय. नवीन रिपोर्टात मॅग्नेशियमही कडेलाच आहे आणि पोटॅश वाढवलं की मॅग्नेशियमचं उचलणं कमी होतं असं वाचलं. तर मॅग्नेशियम सल्फेट याच महिन्यात ड्रीपमधून द्यावं की आधी फवारणीतून घेऊन जमिनीतलं नंतर बघावं? ज्यांच्या चुनखडीच्या बागा आहेत त्यांनी आपला अनुभव लिहाल का? शनिवारी गावी जाणार आहे, त्याआधी कळलं तर काकांना सामान आणून ठेवायला सांगता येईल.