शाळेच्या नव्या खोल्या : फणस तोडायचा की सोलर सोडायचं?

मलप्रभाकाठ (खानापूर)
नमस्कार मंडळी. गावच्या सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळा बघणाऱ्या पालकांच्या समितीत मी आहे. कौलारू दोन खोल्या पाडून नव्या बांधायच्या ठरल्यात, वीस बाय वीसच्या. ठेकेदार म्हणतो, स्लॅब टाका, वर तीन किलोवॅटचं सोलर, बिलाची कटकट मिटली. पण त्या कौलांखाली मी चौथीपर्यंत शिकलो, पंखा नव्हता तरी कधी जीव घाबरा झाला नाही. शेजारच्या स्लॅबच्या अंगणवाडीत मार्चमध्ये पोरं कोमेजून बसतात. त्यात पश्चिमेला जुना फणस. पॅनेलवर सावली पडते, तोडा म्हणूलालेत. घरातल्या बायका म्हणतात, हात तर लावून बघा!

वायरमन निपाणी
दादा, तीन किलोवॅट कशाला? आधी लोड काढा. खोलीला चार पंखे, चार ट्यूब. जुने पंखे ७५ वॅटचे, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घेतले तर ३० च्या आसपास. एलईडी ट्यूब २० ची. म्हणजे दोन्ही खोल्या मिळून ४०० वॅट. सहा तास चालवलं तरी अडीच युनिटच्या आत. एक किलोवॅट पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिट देतं, जागा लागते शंभर चौरस फूट. तुमच्याकडचा पाऊस धरून दीड किलोवॅट पुष्कळ.
आणि एक. साधं ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं सोलर घेतलंत तर लाईट गेली की सोलरही बंद. मी एका शाळेत बसवून दिलं, पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांचा फोन, "ऊन रखरखतंय आणि पंखा बंद कसा हो?" लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज पंख्याला चालेल अशी करणारा डबा) आपणहून थांबतो. मी आधी सांगितलं नव्हतं, चूक माझीच. लाईट जात असेल तर बॅटरीवाला हायब्रिड घ्या. पाण्याची बॅटरी मात्र नको. सुट्टीत डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार? जूनमध्ये प्लेटी कोरड्या सापडतात.

निवृत्त मास्तर, बेळगाव
फणस राहू द्या. दुपारी तीननंतरचं ऊन तोच अडवतो. एका पॅनेलवर सावली आली तरी अख्खी ओळ मंदावते हे खरं, पण पॅनेल वर्गावरच हवीत असं कुणी सांगितलं? वर्गांवर कौलंच घाला, स्लॅब फक्त बिसीऊटच्या (मुलांच्या दुपारच्या जेवणाच्या) स्वयंपाकखोलीवर. ती पूर्वेच्या टोकाला बांधा, पॅनेल तिच्यावर, दक्षिणेला तोंड करून पंधरा-सोळा अंश कलती.
इमारत पूर्व-पश्चिम लांब धरा. दक्षिणेला आठ फुटी व्हरांडा, उत्तरेला मोठ्या खिडक्या, म्हणजे दिवसा ट्यूब लागतच नाही. उत्तरेलाही दोन फुटी छज्जा विसरू नका. आपल्याकडं मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडं असतो, शाळेच्या अंगणात काठी रोवून मुलांना कितीदा दाखवलंय. पश्चिमेची भिंत बंद ठेवा, झड तिकडूनच येते.

मलप्रभाकाठ (खानापूर)
मास्तर, स्वयंपाकखोलीचं डोक्यातच आलं नव्हतं. आज टेप घेऊन गेलो. पूर्वेला बारा बाय पंधरा निघते, पण मध्ये पाण्याची टाकी आहे आणि तिची सावली सकाळी नऊपर्यंत पडते. वायरमनदादा, टाकी हलवू की चालेल? कौलं मात्र उतरवून बघितली, बहुतेक धड आहेत.

वायरमन निपाणी
हलवा. उत्तरेच्या बाजूला न्या. पाइप चार फूट जादा लागेल, इतकंच. आणि पॅनेल पुसायला शिडीची सोय आत्ताच ठेवा, नंतर कुणी चढत नाही.