मदत हवी आहे: तीन प्रस्तावांवर मतदान कसं घ्यावं?

ठाण्यातला आमचा गट मराठी कीवर्डची छोटी मुक्तस्रोत प्रोग्रामिंग भाषा बनवतो. एरर हाताळणीसाठी तीन प्रस्ताव आलेत. त्यातले दोन जवळपास सारखेच, म्हणून एकेक मत घेतल्यावर त्यांची मतं फुटली आणि बहुतेकांना नको असलेला तिसरा पुढे गेला. निकाल रोखून ठेवलाय. दोन्ही प्रस्ताव एकत्र करून पाहिले, जमलं नाही.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या गटाने २०१८ मध्ये कारभाराच्या ७ प्रस्तावांवर पसंतीक्रम घेऊन काँडोर्सेट पद्धतीने (दोन-दोन पर्यायांची समोरासमोर तुलना करून, बाकी प्रत्येकाला हरवणारा निवडणं) निवड केली, शिवाय 'आणखी चर्चा' हाही पर्याय ठेवला होता. आम्हालाही तेच पटतंय. पण मतदार विसाच्या आत, मतदान गुप्तच हवं आणि अंतिम निर्णय देणारा कोणी प्रमुख नाही. इतक्या कमी मतांत अ ब-ला, ब क-ला आणि क अ-ला हरवतो असं चक्र झालं, तर डेबियन या लिनक्स प्रकल्पासारखी शुल्झ पद्धत (चक्रातले सर्वात कमकुवत विजय बाजूला ठेवून विजेता ठरवणारी) लावावी की फेरमतदान घ्यावं?